कॅलास ऐकताना ‘किंचाळतेय’ असं वाटतं, तर नक्की ऐकायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता: पंधरा वर्षं शास्त्रीय ऐकताय, ख्याल-ठुमरीचा कान आहे, कोणीतरी सांगितलं म्हणून मारिया कॅलास या ऑपेरा गायिकेच्या वीस-बावीस आरियांचं (ऑपेरातल्या पदांचं) एक संकलन फोनवर लावलंत, आणि तिसऱ्या ट्रॅकपर्यंत डोकं दुखायला लागलं. वरचे सूर हलतात, किंचाळल्यासारखे येतात, शब्द तर एकही कळत नाही. मग लोक हिला एवढं डोक्यावर का घेतात, माझा कान चुकतोय की ही नुसती हवा आहे?

पहिल्यांदा हे सांगते की तुम्हाला जे ऐकू आलं ते खरंच तिथे आहे. वरचे सूर हलतात, काही रेकॉर्डिंगमध्ये चांगलेच हलतात. तिचे कट्टर चाहते हे मान्य करताना कां कू करतात, पण मी वीसेक वर्षं पुण्यात व्हॉइस, म्हणजे पाश्चात्य गाणं, शिकवते आणि हीच तक्रार माझ्याकडे येणारे निम्मे विद्यार्थी पहिल्या महिन्यात करतात, बहुतेक जण आधी हार्मोनियमवर गाणं शिकून आलेले असतात. मी स्वतः एकोणीस वर्षांची असताना हॉस्टेलवर मैत्रिणीच्या घासलेल्या कॅसेटवर कॅलास ऐकली आणि दहा मिनिटांत बंद केली. त्यामुळे कान चुकतोय वगैरे काही मनात आणू नका.

गडबड त्या संकलनात आहे. अशा संकलनात काय असतं बघा, १९४९ चा एखादा ट्रॅक, त्याला लागून १९५४ चा, मग १९६१ चा, मधेच १९६४ चा. म्हणजे पंचविशीतला आवाज आणि चाळिशीतला आवाज एकामागोमाग, आणि तिच्या बाबतीत या पंधरा वर्षांत आवाज फार बदलला. शिवाय आरिया म्हणजे नाटकातलं पद आहे. आपल्याकडे नाट्यपद मैफिलीत सुटं गायलं तरी चालतं, कारण ऐकणाऱ्या निम्म्या लोकांना नाटक माहीत असतं आणि उरलेल्यांना राग तरी माहीत असतो. इथे तुम्हाला ना नाटक माहीत, ना भाषा, आणि एका तासात कोणी वेडी होतेय, कोणी क्षयाने मरतेय, कोणी चंद्राची प्रार्थना करतेय, कोणाचा प्रियकर शेजारच्या खोलीत छळला जातोय. बावीस जणींचे बावीस कडेलोट एका दमात ऐकल्यावर कोणाचंही डोकं दुखेल.

दुसरी गोष्ट कानाच्या सवयीची. आपला कान स्थिर षड्जावर वाढलेला असतो, तंबोऱ्यात सूर मिसळला की आपल्याला सुख होतं. ऑपेराच्या गळ्यात सूर मुळातच हलता असतो, त्याला व्हायब्रॅटो म्हणतात, निरोगी आवाजात साधारण सेकंदाला पाच ते सात हेलकावे. ते इतके जलद आणि अरुंद असतात की सरावलेल्या कानाला हेलकावा वेगळा जाणवत नाही, फक्त सुराला एक चमक आल्यासारखं वाटतं. हाच हेलकावा मंदावला आणि रुंद झाला की मात्र तो मोजता येतो, सूर डुगडुगतो, आणि तो दोषच धरतात. कॅलासच्या १९५८ नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये वरच्या टोकाला हे दुसऱ्या प्रकारचं हलणं बऱ्याचदा येतं. म्हणजे तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी एकच वाटतायत, एक पद्धतीचा भाग आणि एक खरोखरची झीज. ही झीज का झाली यावर लोक अजून भांडतात, कोणी म्हणतं १९५३-५४ मध्ये तिने झपाट्याने वजन उतरवलं म्हणून, कोणी म्हणतं फार कोवळ्या वयात फार जड भूमिका गायल्या म्हणून. मी त्या वादात पडत नाही, पण दुसऱ्या मुद्द्याला निदान वजन आहे असं वाटतं, कारण १९४९ च्या जानेवारीत व्हेनिसला तिने वाग्नरच्या ऑपेरातली ब्रुनहिल्ड आणि काही दिवसांच्या आत बेल्लिनीच्या ऑपेरातली एल्वीरा गायली. एक भूमिका म्हणजे भल्यामोठ्या ऑर्केस्ट्रावर मात करणारा आवाज, दुसरी म्हणजे बारीक तानांचं कलाकुसरीचं काम. त्या वेळी ती पंचवीस वर्षांची होती. हे करावं का हा प्रश्न माझ्या विद्यार्थिनीने विचारला तर माझं उत्तर ‘अजिबात नाही’ असं आहे.

शब्द कळत नाहीत याचं कारण थोडं फिजिक्सचं आहे. ‘ई’ म्हणताना तोंडाच्या पोकळीचा पहिला अनुनाद साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. सोप्रानो (सगळ्यात उंच पट्टीची गायिका) जेव्हा वरचा बी फ्लॅट हा सूर गाते तेव्हा मूळ सूरच ९३२ हर्ट्झचा असतो, म्हणजे ‘ई’ला ‘ई’पण देणारी जागा खालीच राहून गेली. तिथे तोंड बारीक ठेवून ‘ई’ म्हणायला गेलात तर आवाज गुदमरतो, म्हणून गायिका जबडा उघडते आणि ‘ई’, ‘ए’, ‘आ’ सगळे एकमेकांच्या जवळ जातात. जगातली कुठलीही सोप्रानो घ्या, त्या उंचीवर शब्द पुसटच होणार. त्यामुळे शब्द ऐकायचे ते मधल्या आणि खालच्या पट्टीत, आणि कॅलासचं खरं काम तिथेच आहे. लोक वरच्या सुराची वाट बघत बसतात आणि तोपर्यंत जे होऊन गेलं ते निसटतं.

माझे मुंबईतले सर मूळ गोव्याचे, चर्चच्या शाळेत सोल्फेज (पाश्चात्य सरगम) शिकलेले, फार कमी बोलायचे. मी कॅलास आवडत नाही म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही, ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेराच्या तिसऱ्या अंकातली एक जागा लावली आणि म्हणाले, गाणं नंतर ऐक, आधी ती चिठ्ठी कशी वाचते ते बघ. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा असं माझं मत आहे.

जागा अशी आहे. नायिका व्हिओलेत्ता क्षयाने मरायला टेकली आहे. प्रियकराच्या वडिलांनी पूर्वी तिच्याकडून त्याग करून घेतला होता, आता त्यांचंच पत्र आलंय की मुलाला सगळं खरं सांगितलंय, तो येतोय, तब्येतीची काळजी घ्या. हे पत्र ती गात नाही, बोलून वाचते, आणि मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची चाल वाजत असते. २७ मार्च १९५८ चं लिस्बनचं लाइव्ह रेकॉर्डिंग शोधा, सोबत प्रियकराच्या भूमिकेत आल्फ्रेदो क्राउस आहे. कॅलास ते पत्र नाटकी वाचत नाही, सूर न लावता, भराभर, जणू हे तिने इतक्या वेळा वाचलंय की अक्षरं बघायचीही गरज नाही. मग वडिलांची सही येते, क्षणभर शांतता, आणि ती म्हणते ‘ए तार्दी’, म्हणजे ‘उशीर झाला’. दोन शब्द. इथे बऱ्याच जणी ओरडतात किंवा हुंदका टाकतात. हिचा आवाज पोकळ येतो, रिकाम्या खोलीतून आल्यासारखा. त्यानंतर ‘आद्दिओ देल पास्सातो’ सुरू होतं, गेलेल्या दिवसांना निरोप, आणि तिथे आवाज मुद्दाम बारीक, दम पुरत नाही अशा बेताने धरलेला. आरियाच्या शेवटचा वरचा ए हा सूर अगदी धाग्याइतका बारीक गायचा असतो, तिथे तिचा सूर थरथरतो. आता हे थरथरणं गळ्याचं की भूमिकेचं? खरं सांगायचं तर दोन्ही, आणि तिने त्या थरथरण्याला भूमिकेत कामाला लावलंय. आणखी एक गंमत, त्या रेकॉर्डिंगमध्ये प्रॉम्प्टरचा आवाज मधेमधे स्पष्ट ऐकू येतो. आपल्या संगीत नाटकांच्या प्रेक्षकांना त्याचा त्रास व्हायचं कारण नाही.

ठुमरीचा कान असेल तर हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. बोल-बनाव करताना एकच ओळ दहा अंगांनी म्हणून बघतात ना, शब्दावर थोडं थांबून, थोडं झुकून, तशी नजर ठेवून कॅलास ऐका. फरक एवढाच की इथे उपज नाही. सूर कुठला, किती लांब, कुठे हळू हे सगळं संगीतकाराने लिहून ठेवलंय, तिला मोकळीक फक्त त्या लिहिलेल्याच्या आत. व्यंजन किती आधी आणायचं, एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना किती घसरायचं (आपल्या मींडेच्या जवळचं पण त्यापेक्षा आखूड), श्वास कुठे ऐकू येऊ द्यायचा, हेच तिचं रान.

आता पुच्चिनीचा ऑपेरा ‘तोस्का’. रेकॉर्डिंग म्हणून मी लोकांना पहिलं हेच पूर्ण ऐकायला सांगते, ऑगस्ट १९५३, मिलानचं ला स्काला, कंडक्टर व्हिक्तोर दे साबाता, सोबत गायक दी स्तेफानो आणि तीतो गोब्बी. कॅलास तेव्हा एकोणतीसची होती, आवाज भरात. रेकॉर्डिंग मोनो आहे, त्याने नाक मुरडू नका, नंतरच्या स्टिरिओंपेक्षा जास्त अंगावर येतं. त्यातलं ‘विस्सी दार्ते’ हे तोस्काचं पद तुमच्या संकलनात नक्की असेल, कारण ते सगळ्यात असतं. पण सुटं ऐकलं तर ती एक सुंदर संथ तक्रार वाटते. प्रत्यक्षात शेजारच्या खोलीत तिच्या प्रियकराचा छळ होऊन गेलाय, पोलीस प्रमुख स्कार्पिया त्याच्या जिवाच्या बदल्यात तिलाच मागतोय, आणि ती देवाला विचारते की मी कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले, कुणाचं वाईट केलं नाही, देवळात फुलं वाहिली, मग मला हे का? ती फुलं पहिल्या अंकात ती प्रवेश करताना आपल्याला दिसलेली असतात, आणि त्या प्रवेशाची चाल इथे ऑर्केस्ट्रा परत वाजवतो. पुच्चिनीने आठवण करून दिलेली असते, पण पहिला अंक ऐकलाच नसेल तर कसली आठवण!

शेवटाकडे ‘सिन्योर’ या शब्दावर वरचा बी फ्लॅट येतो. आरियाचा सा म्हणजे ई फ्लॅट धरलात तर तार सप्तकाचा पंचम. कॅलास तो सूर लावून मिरवत नाही, त्यावरून खाली उतरताना आवाज कसा आवरते ते ऐका, टाळ्यांसाठी जिथे सोडायचा तिथे ती तो परत आत घेते. आणि कृपा करून तिथे थांबू नका. पुढे दहाएक मिनिटांत ती टेबलावरची सुरी उचलून स्कार्पियाला भोसकते, ‘मुओरी, मुओरी’ म्हणजे ‘मर, मर’ असं घशाच्या खालच्या भागातून, आणि तो मेल्यावर एकाच खालच्या सुरावर, जवळजवळ बोलल्यासारखी एक ओळ म्हणते: याच्यापुढे सगळं रोम कापत होतं. ती ओळ म्हणजे मला विचाराल तर तिच्या सगळ्या वरच्या सुरांपेक्षा मोठी जागा आहे, आणि ती कुठल्याही ‘बेस्ट ऑफ’मध्ये नसते कारण ती आरियाच नाही.

म्हणजे आतापर्यंतचं बोलणं एवढंच की संकलन बंद करा, एक अंक घ्या, मजकुराचं भाषांतर समोर ठेवा आणि कान खालच्या पट्टीत ठेवा.

‘कास्ता दीवा’वर थोडं थांबते कारण तुम्ही त्याचं नाव घेऊन लिहिलंय की ‘हे तरी शांत होतं’. हे पद ज्या ऑपेरातलं, ते बेल्लिनीचं ‘नॉर्मा’ १८३१ चं, ला स्कालालाच पहिल्यांदा झालं. नॉर्मा ही गॉलमधली पुजारीण, लोकांना रोमन सैन्याविरुद्ध युद्ध हवंय, ती त्यांना थोपवतेय आणि चंद्रदेवतेकडे शांती मागतेय. पण गुपित असं की ज्या रोमनाविरुद्ध युद्ध करायचं त्याच्यापासून तिला दोन मुलं आहेत. हे कळल्यावर तीच प्रार्थना वेगळी ऐकू येते की नाही बघा. आधी बासरी पूर्ण चाल वाजवते, मग ती तीच चाल घेते, संथ चार मात्रा, प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे. सध्या रूढ असलेली पट्टी एफ आहे, एफ म्हणजे सा धरलात तर मधे एक जागा येते जिथे ती तार गंधारावर परत परत, मात्रेच्या जरा मागे-पुढे, जोर वाढवत आघात करते आणि मग मध्यमाला टेकून खाली येते. हार्मोनियम असेल तर वाजवून बघा, कागदावर ते अगदी साधं दिसतं. त्यानंतर खाली येतानाच्या ज्या बारीक सुरावटी आहेत त्यांत प्रत्येक सूर सुटा कळतो आणि तरी ओळ तुटत नाही. हे शिकवायला किती वर्षं जातात हे मला विचारा! आणि प्रार्थनेच्या आधीचा जो मोकळा, तालाबाहेरचा भाग आहे, ‘सेदित्सिओझे व्होची’, तो उडवू नका, तिथे ती गर्दीला दटावते आणि दोन वाक्यांत कळतं की इथे राज्य कोणाचं आहे.

नॉर्माची तिची स्टुडिओ रेकॉर्डिंगं दोन, १९५४ ची मोनो आणि १९६० ची स्टिरिओ, दोन्ही कंडक्टर सेराफिनबरोबर. १९५४ ला आवाज शाबूत आहे. १९६० ला वरची बाजू विरलेली, तुम्हाला खुपेल, पण मधली पट्टी जास्त गडद आणि बाई म्हणून नॉर्मा जास्त थकलेली, जास्त खरी. कुठली चांगली हे तुम्ही सुराचे आहात की भावाचे यावर आहे. मी घरी पहिली ऐकते आणि वर्गात दुसरी लावते, कारण दुसरीत ती अडचणीतून वाट कशी काढते हे मुलांना दिसतं.

याच्या उलट टोकाला १९५४ च्या पुच्चिनी आरियांमधलं ‘उन बेल दी’ ऐका. ‘मादामा बटरफ्लाय’ ऑपेराची नायिका बटरफ्लाय नवऱ्याचं जहाज एक दिवस येईल असं सांगतेय. पहिलाच सूर वर आहे आणि तो दुरून आल्यासारखा, हळू सुरू करायचा असं पुच्चिनीने लिहिलंय. कॅलास इथे आवाज लहान करते, तोंडाच्या पुढच्या भागात आणते, लग्नात पंधरा वर्षांची असलेली मुलगी वाटावी इतका. नॉर्मा आणि ही एकाच वर्षातल्या एकाच गळ्यातून आल्यात हे न पटून माझे विद्यार्थी पैज लावतात.

आता यंत्राचं. तुम्ही फोनच्या स्पीकरवर ऐकलंत असं लिहिलंय, त्यात अर्धं किंचाळणं आलं. हा आवाज माइकशिवाय, दोनेक हजार लोकांच्या थिएटरात, भरगच्च ऑर्केस्ट्राच्या वरून शेवटच्या रांगेत पोचावा म्हणून घडवलेला असतो, त्यात धार ठेवावी लागते. फोनचा स्पीकर खालचा सगळा गर खाऊन टाकतो आणि फक्त धार पुढे करतो. साधे का होईना हेडफोन घ्या. दुसरं, ॲपमधलं सगळे ट्रॅक एका पातळीवर आणणारं सेटिंग बंद करा, नाहीतर तिचं कुजबुजणं आणि ओरडणं एकाच उंचीवर येतं आणि मग उरतं काय? तिसरं, यूट्यूबवर कोणीही चढवलेल्या लाइव्ह क्लिपमध्ये कधीकधी पट्टीच अर्धा सूर वर सरकलेली असते, जुन्या टेपच्या वेगामुळे, आणि आवाज अजून कर्कश होतो. स्टुडिओ रेकॉर्डिंगं २०१४ मध्ये मूळ टेपवरून नव्याने साफ करून आलीत, बहुतेक स्ट्रीमिंगवर मिळतात, तीच घ्या.

एवढं करूनही नाही आवडली तर? होऊ शकतं. माझी एक फार गुणी विद्यार्थिनी आहे, तिला आजही कॅलास सहन होत नाही आणि ती रेनाता तेबाल्दी ऐकते, त्याच काळातली, मलईसारखा एकसंध आवाज, शब्दांची एवढी मारामारी नाही. किंवा जोन सदरलंड, तानांची स्वच्छता बघायची तर तिच्यासारखी क्वचित, आणि गंमत म्हणजे १९५२ ला लंडनला कॅलासच्या नॉर्मात हीच सदरलंड दासीच्या छोट्या भूमिकेत होती. सुरातलं सुख हवं असेल तर या दोघींकडे जा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त कॅलासकडे ते सुख मागू नका, ते ती एका ओळीत देते आणि पुढच्या ओळीत काढून घेते.

आणि तिच्या प्रेमप्रकरणांचे, भांडणांचे व्हिडिओ आत्ता बघू नका, निदान महिनाभर तरी. ते डोक्यात बसलं की प्रत्येक आरियात लोकांना तिचंच आयुष्य दिसायला लागतं आणि तोस्का बिचारी बाजूला राहते.

पहिल्या आठवड्यात पत्र आणि त्याला लागून असलेलं ‘आद्दिओ’ रोज एकदा ऐका, दुसऱ्या आठवड्यात तोस्काचा दुसरा अंक एका बैठकीत, चाळीसेक मिनिटं लागतील. रात्री ऐकणार असाल तर हेडफोन नीट जोडलेत ना एकदा बघा, ते ‘मुओरी’ एकदम येतं, माझ्या खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा चप्पल न घालता वर आल्या होत्या.